अष्टमीतली शब्दबंदी

केतकीची मी आई नाही, असं मी गेल्या वर्षी पेणमध्ये भर दुपारी, सात-आठ माणसांसमोर, हात जोडून सांगितलं. आता केतकी माझीच. रोह्यातच झाली, चौदा तास कळा दिल्या मी. (तिच्या वडिलांना विचाराल तर ते चार तास म्हणतील, पण ते त्यातला बराच वेळ बाहेर भजी खात होते.) तरीही मी सांगितलं. चूक माझीच होती, पण थोडी जपानी भाषेचीही होती.

मी रोह्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. आमचं घर पुलापलीकडे, अष्टमीला. निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, मी जाईन तिथल्या पाट्या दुरुस्त करत फिरते. हार्डवेअरवाला मला लांबून बघितलं की शटर अर्धं खाली ओढतो. घरात आम्ही तिघं. मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमानांचं नाव श्रीकांत, पण ते फक्त आधार कार्डावर. धाकट्या दिरापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा नानाच म्हणते. सासूबाईंना सगळं गाव आजी म्हणतं. केतकी एकुलती एक, गेली सहा वर्षं जपानात नोकरीला.

तर एका रविवारी सकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. बाजूला एक गोरागोमटा, चष्मेवाला मुलगा बसला होता, आणि तो माझ्याकडे बघून सारखा मान लववत होता.

"आई, हा हिरोशी. मी याच्याशी लग्न करायचं म्हणतेय."

केतकी तेव्हा तेहतीस वर्षांची होती. मी दाखवलेल्या मुलांपैकी एकाचं हसणं तिला आवडलं नव्हतं, एकाच्या चपला आवडल्या नव्हत्या, एकाची तर आईच आवडली नव्हती. त्यामुळे मला जपान वगैरे काही दिसलंच नाही, फक्त 'लग्न' एवढंच ऐकू आलं.

"अगं, छान," मी म्हटलं. "आडनाव काय यांचं?"

"मोरी."

मी हसले. खोटं कशाला बोलू, चांगली खिदळले. तेवढ्यात नाना मागून डोकावले आणि म्हणाले, "कुठली मोरी? न्हाणीतली?" मग तर मला ठसकाच लागला. पलीकडे हिरोशीही मोठ्या अदबीने हसत होता. केतकी हसत नव्हती.

"झालं तुमचं? मोरी म्हणजे त्यांच्याकडे रान. घनदाट झाडी. किती सुंदर नाव आहे."

"आमच्याकडे तिथे भांडी घासतात," नाना म्हणाले.

"नाना, बास. ऐका जरा. हिरोशीच्या वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही. मुलीच्या घरची माणसं बघितल्याशिवाय सांगणार नाही म्हणालेत. पुढच्या महिन्यात येतायत दोघं. त्यांच्यासमोर हसलीस ना आई, तर माझं लग्न तिथेच संपलं म्हणून समज."

कॉल बंद झाला आणि माझं हसू पार आटलं. पोरीला उभ्या जन्मात एक मुलगा आवडला, आणि मी पहिल्याच भेटीत त्याच्या आडनावावर भांडी घासून मोकळी झाले. मला मनापासून भीती वाटली. लग्न मोडलं तर ते केवळ माझ्या तोंडामुळे मोडणार होतं.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना दुसरी शंका आली. त्यांच्या आडनावावर आपण हसलो, तसे ते आपल्या शब्दांवर हसले तर? किंवा हसले नाहीत, रागावलेच तर? एक शब्द इकडे देवघरातला, तिकडे उकिरड्यावरचा. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, कधी एका ताटात जेवल्या नाहीत, पण शब्द हुबेहूब. मी भाजी तशीच ठेवली, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून मोबाइलवर जपानी शब्दकोश उतरवून घेतला आणि शंभर पानी वही उघडली.

चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की आमचं अख्खं घरच जपानीत निघालंय. नाना म्हणजे सात. काकू म्हणजे लिहिणे. मामा म्हणजे आई, आणि आई म्हणजे प्रेम. बाबा म्हणजे थेरडी. (कुणाच्याही तीर्थरूपांना म्हणून बघा.) उमा म्हणजे घोडा. सासू म्हणजे भोसकणे. या एका शब्दापाशी मी वही मिटून जरा वेळ विचार करत बसले. आजी आणि ताई हे दोन्ही मासे निघाले.

आजी शेजारीच लसूण सोलत होत्या. माशाचं नाव निघाल्यावर त्यांचे कान टवकारले.

"गो सुनंदा, मी कुठला मासा?"

"बांगड्याच्या जातीतला दिसतोय."

"आणि ताई?"

"ताई म्हणजे तांबडा, मोठा मासा. लग्नकार्याला करतात त्यांच्याकडे. महाग असतो."

आजींनी लसूण खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर उमाताई आल्या होत्या, हे मला कळलं. उमाताई म्हणजे आजींची थोरली लेक, माझी नणंद. पेणला दिलेली. सासरी गणपतीचा कारखाना आहे, यजमान गेल्यावर तोच कारखाना आणि त्यातली दहा माणसं उमाताई एका हाताने चालवतात. दुसरा हात सगळ्यांवर उगारलेला असतो.

"म्हणजे मी पोटाला चिमटे काढून वाढवलेली पोर सणाचा मासा, नि मी बांगडा," आजी म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. निदान मासे तरी जेवल्या नाहीत.

मी उमाताईंनाही फोन केला. पाहुण्यांना गणपती घडताना बघायचे होते, म्हणून पहिली भेट पेणला त्यांच्याच कारखान्यात ठरली होती.

"ताई, तुमच्या नावाचा जरा घोटाळा आहे. उमा म्हणजे घोडा, आणि ताई म्हणजे मासा."



"मग उमाताई म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"तेच बघतेय मी."

"बघू नको. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मी माझं नाव बदलणार नाय," उमाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रोह्यात असत्या तर मी त्यांना सोडलं नसतं, पण पेणवर माझा कधीच अंमल चाललेला नाही.

अष्टमीत मात्र मी शब्दबंदी जाहीर केली. वहीतले शब्द मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून फ्रिजवर चिकटवले. पाहुणे असतील तोवर घरातल्या कुणी कुणाला नात्याने हाक मारायची नाही, फक्त नावाने. आणि पाहुण्यांपैकी कुणाच्या तोंडून चुकून असला शब्द निघालाच, तर त्यांना लाज वाटू नये म्हणून आपण लगेच, नम्रपणे, 'इथे तसं कोणी नाही' असं सांगून विषय बदलायचा. हे शेवटचं कलम माझं मलाच फार आवडलं होतं. मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

केतकीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'आई, तुझी शाळा सुटलीय आता.'

मग तालमी सुरू झाल्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "श्रीकांत, चहा."

बाहेर येऊन बघते तर नाना पेपर वाचत बसलेले.

"मी हाक मारली ना तुम्हाला?"

"मला? तू श्रीकांतला मारलीस."

"श्रीकांत कोण?"

नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. माझं तरी काय! लग्नाला छत्तीस वर्षं झाली, सासूबाईंच्या देखत मी कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'श्रीकांत' म्हणताना माझाच आवाज चोरून मोबाइलवर बोलणाऱ्या पोरीसारखा यायचा. नाना कंपनीत सुपरवायझर होते, शिफ्टच्या भोंग्याला ते झोपेतून उठायचे, पण श्रीकांतला ते जागेपणी उठेनात. शेवटी मी त्यांना 'मी नाना नाही, मी श्रीकांत आहे' असं दहा वेळा लिहायला लावलं. त्यांनी सात वेळा लिहिलं आणि म्हणाले, "सात म्हणजे नानाच ना? मग झालं की."

आजींचा प्रश्न वेगळा होता. त्यांचं नाव काय, हेच कुणाला आठवेना.

"माहेरचं सांगू का सासरचं?" आजींनी विचारलं. लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. माहेरच्या त्या सुशीला, सासरच्या मनोरमा, आणि दोन्ही नावांनी हाक मारणारं आता कोणी राहिलं नव्हतं. आम्ही मनोरमा ठरवलं.

"म्हणजे मी आता तुमची आजी नाय," आजी म्हणाल्या.

"पाहुणे जाईपर्यंत नाही."

"केतकीची पण नाय?"

"तिची पण नाही."

"बरं," आजी म्हणाल्या. त्यांनी ते इतकं निमूट मान्य केलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने रोह्याहून निघालो आणि नागोठण्यावरून पेणला पोचलो. गणपतीला महिना राहिलेला, म्हणजे पेणमध्ये पाय ठेवायला जागा नाही. उमाताईंच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मूर्ती वाळत ठेवलेल्या, मधून मूर्ती भरलेले टेम्पो. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि समोरून एक टेम्पो आला. दोघांपैकी कुणीही मागे जाईना. केतकी गाडीतून उतरली, टेम्पोवाल्याशी भांडायला उभी राहिली, आणि हिरोशीला म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी याला बघून येते." हे मला नंतर कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की गल्लीतून तीन माणसं चालत येतायत आणि आमची पोर त्यांच्यात नाही.

मोरीसाहेब उंच, किडकिडीत, पेणच्या त्या घामट दुपारी राखाडी कोट घालून आलेले. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मोरीबाई ठेंगण्या, हसऱ्या, हातात एक छोटी वही. मागे हिरोशी, दोन्ही हातांत भेटवस्तूंच्या पिशव्या.

मोरीबाई थेट माझ्यासमोर आल्या. कमरेतून वाकल्या. मग सरळ होऊन, अगदी स्वच्छ, एकेक अक्षर जपून म्हणाल्या, "आई. नमस्कार."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. सातासमुद्रापलीकडची बाई, पहिल्या भेटीत आई म्हणतेय. पण लगेच माझ्यातली मास्तरीण जागी झाली. यांच्या भाषेत हे प्रेम. भर गल्लीत परक्या बाईला आपण प्रेम म्हणालो, हे यांच्या लक्षात आलं तर केवढ्या ओशाळतील! मी दोन रेघांचं कलम आठवलं, हात जोडले आणि गोड हसून म्हटलं, "नो, नो. नो आई हिअर. सुनंदा."

मोरीबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी वहीत बघितलं. मग नानांकडे वळल्या.

"नाना?"

"नो नाना," नाना खणखणीत आवाजात म्हणाले. "श्रीकांत." आणि पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

मोरीबाई आता हळू बोलत होत्या. "आजी?"

"नाय," आजी म्हणाल्या. "मी मनोरमा. माझं हितं कोण नाय. केतकीची मी कोण नाय." आणि दोन्ही हात हलवून त्यांनी असं काही दाखवलं, की ते समजायला दुभाष्या लागत नाही.

मोरीबाईंनी वहीत तीन ठिकाणी काहीतरी खोडलं. मोरीसाहेब ते खोडताना बघत होते. शेवटी त्या उमाताईंकडे वळल्या. आवाज जवळजवळ रडवेला झाला होता.

"आत्या?"

'आत्या' माझ्या शब्दकोशात सापडलाच नव्हता, त्यामुळे त्यावर बंदीही नव्हती. आणि असती तरी उमाताईंनी ती पाळली नसती.

"व्हय, मीच आत्या. ये गो बाय, ये. उन्हाची आलीस," म्हणत उमाताईंनी मोरीबाईंना छातीशी धरलं. मोरीबाई त्यांना घट्ट बिलगल्या. पूर्ण खानदानात एकुलतं एक नातं सापडलं होतं, ते त्या सोडणार नव्हत्या.

पुढची सगळी सूत्रं उमाताईंच्या हाती गेली. त्या पुढे, त्यांचा दंड धरून मोरीबाई, मागे मोरीसाहेब, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही तिघं, कोणाचे कोणीच नसलेले. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे धर्मादादा ब्रश घेऊन बसले होते. मोरीसाहेब त्यांच्यापाशी थांबले. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण धर्मादादांना ते सांगायचं राहून गेलं होतं.

"शाडू हाय," धर्मादादा मूर्तीला हात लावून म्हणाले.

"हाय," मोरीसाहेब म्हणाले.

"समदं हातकाम हाय."

"हाय, हाय."

दिवसभरात विनाअडथळा झालेलं ते एकमेव संभाषण. माझ्या मदतीशिवाय झालं, हे त्याचं कारण असावं.

मग नानांना फोटोची हुक्की आली. पाहुणे, मूर्ती आणि उमाताई हे सगळं एका फोटोत मावेना. (उमाताई एकट्याच पुष्कळदा मावत नाहीत.) नाना मोबाइल डोळ्यांसमोर धरून एकेक पाऊल मागे सरकू लागले. त्यांच्या मागे शाडू भिजत घातलेला हौद होता.

मी बघितलं. तोंडात 'नाना' आलं होतं, ते मी दात आवळून गिळलं आणि ओरडले, "श्रीकांत!"

नाना मागे सरकत राहिले.

"अहो श्रीकांत, मागे बघा!"

नानांनी फोटो थांबवला, मागे बघितलं नाही, आजूबाजूला बघितलं. श्रीकांत कोण आहे ते शोधत त्यांनी आणखी दोन पावलं मागे टाकली आणि आडवे हौदात गेले. चिखलाचा तो आवाज मी आजही विसरलेले नाही.

"नाना!" मी किंचाळले. "अरे नाना!" उमाताई. "नान्या, मेल्या!" आजी. कारखान्यातली दहाच्या दहा माणसं 'नाना, नाना' करत धावली. मोरीसाहेबांनी क्षणाचाही विचार न करता कोट काढला, बाह्या सारल्या आणि धर्मादादांबरोबर हौदात हात घातला. दोघांनी 'हाय, हाय' करत नानांना वर काढलं. नाना डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाले होते. रंग द्यायचा तेवढा बाकी होता.

मोरीसाहेबांनी रुमालाने हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ आता वाकडी झाली होती. 'नाना नाही' म्हणून सांगितलेल्या माणसाला सगळे नाना म्हणून ओरडताना त्यांनी नीट ऐकलं होतं. ते हिरोशीशी बराच वेळ बोलले. मग हिरोशी माझ्याकडे आला. त्याला केतकीने मराठी शिकवलंय. तो एकेक वाक्य ताटात वाढल्यासारखं बोलतो.

"वडील विचारतात. केतकीची आई कुठे आहे?"

"अरे, मी..."

"तुम्ही सुनंदा. हो. आई कुठे आहे?"



"वडील म्हणतात. आईला हे लग्न नको असेल. म्हणून आई आली नाही. आजी पण आली नाही. हे नाना की नाही, ते कळत नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "वडील म्हणतात. आईला नको, तर आम्ही हो म्हणणं बरोबर नाही. आम्ही माफी मागतो. आम्ही जातो."

"आत्या आली," उमाताई मध्येच म्हणाल्या.

"आत्या आली," हिरोशीने मान्य केलं. "आत्या चांगली आहे."

आता मला कळलं मी काय करून बसले होते. ज्या मुलखात रिक्षावाला काका असतो आणि मासेवाली मावशी असते, तिथे समोरच्याने लावलेलं नातं नाकारणं म्हणजे दार तोंडावर आपटणं. आणि हे ज्या बाईने आयुष्यभर मराठी शिकवलं, तिने पाहुणीला दारातच केलं होतं.

"अरे बाळा, मीच आई. मीच केतकीची आई."

हिरोशीने ते वडिलांना सांगितलं. मोरीसाहेबांनी माझ्याकडे रेशन दुकानातल्या माणसासारखं निरखून बघितलं.

"वडील विचारतात. मग आधी नाही का म्हणालात?"

"कारण आजी म्हणजे मासा."

हिरोशी थांबला. हे भाषांतर करावं की नाही, या विचारात तो पडला.

"बांगडा," आजी पुढे सरसावून म्हणाल्या.

"आजी, तुम्ही सांगा ना यांना, मी कोण ते," मी काकुळतीला येऊन म्हटलं.

आजींनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मी मनोरमा," त्या म्हणाल्या. "पाहुणे जाईपर्यंत मी कोणाला वळखत नाय. तूच बोललीस." बांगड्याचा सूड त्या असा घेतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

एवढ्यात टेम्पोवाल्याला गल्लीबाहेर घालवून केतकी आत आली. तिने चिखलातले नाना बघितले, निघायच्या तयारीत उभे मोरी बघितले, माझा चेहरा बघितला.

"काय झालं?"

"तुझी आई आली नाही," हिरोशी दुःखी आवाजात म्हणाला.

"ही काय इथे उभी आहे."

"ती सुनंदा."

नानांनी घडलेलं सगळं दोन वाक्यांत सांगून टाकलं. इतकं थोडक्यात ते एरवी कधी सांगत नाहीत. केतकीने कमरेवर हात ठेवले.

"आई, तुला काय वेड लागलंय? तीन महिने ती बाई रोज संध्याकाळी वही घेऊन बसलीय. नात्यांची सगळी नावं पाठ केली तिने. ते अर्थ त्यांना आधीपासून माहितीयत. त्यावरून तर घरात रोज हसतात. नाना सात, आजी मासा, सगळं माहितीय त्यांना. तुला सरप्राइज द्यायचं होतं म्हणून मी सांगितलं नाही."

"सरप्राइज?" माझेही हात कमरेवर गेले. "मला आधी सांगायला तुझी जीभ झडली होती? आणि पाहुण्यांना एकटं पुढे पाठवून टेम्पोवाल्याशी भांडत बसलीस?"

"तू माझ्यावर ओरडू नकोस. माझं लग्न मोडतंय इथे."

"मोडू देतेय मी! सकाळपासून काही खाल्लंयस का? तोंड बघ कसं उतरलंय. आणि केसांना तेल कधी लावलं होतंस शेवटचं?"

"तेलाचा काय संबंध?"

"मला संबंध विचारू नकोस."

आम्ही दोघी एकदमच बोलत होतो, कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, आणि मग दोघींनी एकाच वेळी श्वास घ्यायला थांबून एकाच वेळी नाक ओढलं. तेवढ्या शांततेत मला जाणवलं, की मोरीसाहेब एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघतायत. ते बायकोच्या कानात काहीतरी म्हणाले. ती जोरजोरात मान हलवू लागली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली आणि चक्क हसू बाहेर आलं.

"वडील म्हणतात," हिरोशी म्हणाला, "आता शंका नाही. याच आई. ओरडणं एकच आहे. वडील म्हणतात. आमच्या बाजूने हो. पण आधी आईने हो सांगायला पाहिजे."

"मला छत्तीस वर्षांत असा एक दुभाष्या मिळाला असता तर," नाना कानातली माती काढत म्हणाले.

मोरीबाई परत माझ्यासमोर आल्या. मघासारख्याच कमरेतून वाकल्या. सरळ झाल्या, आणि जरा घाबरत घाबरत, पण तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आई."

कारखान्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पदराला चिखल लागलेला. शेवटी जी मी पहिल्याच वेळी द्यायला हवी होती, ती ओ मी दिली.

चौतीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. पहिल्या हाकेला जो 'हजर' म्हणाला नाही, त्याच्या नावापुढे मी बेधडक फुली मारली, कुणाला म्हणून दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मोरीबाई माझ्यासारख्या मास्तरीण नाहीत, त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली, हे माझं आणि केतकीचं केवढं नशीब. नाहीतर वर्गातल्या त्या पोरांच्या रांगेत आज मीही गैरहजर असते.